धनुष्य नंतर, आधी पाय आणि पाठ : फील्ड तिरंदाजीसाठी शरीर कसं घडवायचं?

रत्नागिरी : ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेते ठरले. आदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये खेळून आला. अशी नावं कानावर आली की घरातली मुलं धनुष्य मागतात आणि पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘धनुष्य मिळतं कुठं आणि कितीला?’

हा प्रश्न पहिला नसावा. बाजारात पैसे मोजून धनुष्य मिळतं, पण ते ओढणारा खांदा, ते स्थिर धरणारी पाठ आणि चढ चढून आल्यावरही न थरथरणारे पाय मिळत नाहीत. ते घडवावे लागतात. डोंगरउतारावर खेळल्या जाणाऱ्या फील्ड तिरंदाजीत तर शरीराची तयारी हाच अर्धा खेळ आहे. ही तयारी रत्नागिरीसारख्या ठिकाणी जवळजवळ फुकटात करता येते.

फील्ड म्हणजे मैदान नव्हे, रान

ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ती टार्गेट तिरंदाजी. तिथं खेळाडू सपाट जमिनीवर एकाच जागी उभा राहतो आणि ७० मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडतो. फील्ड तिरंदाजीचा मामला वेगळा आहे. रानात, टेकडीवर, दगडधोंड्यांतून एक वाट आखलेली असते. त्या वाटेवर २४ लक्ष्यं असतात. खेळाडू छोट्या गटाने चालत जातात आणि प्रत्येक लक्ष्यावर तीन बाण मारतात. म्हणजे एका फेरीत ७२ बाण. एका बाणाला जास्तीत जास्त ६ गुण, त्यामुळे पूर्ण फेरीचे गुण होतात ४३२.

यातल्या १२ लक्ष्यांचं अंतर सांगितलेलं असतं. उरलेल्या १२ लक्ष्यांचं अंतर डोळ्यांनीच ओळखायचं. अंतर मोजणारं यंत्र वापरायला परवानगी नाही. रिकर्व्ह आणि कंपाउंड धनुष्यवाल्यांसाठी ही अंतरं १० ते ६० मीटरच्या दरम्यान असतात. लक्ष्याचा कागद कधी ८० सेंटिमीटरचा, तर कधी फक्त २० सेंटिमीटरचा. एखादं लक्ष्य दरीत खाली, एखादं डोक्यावर चढणीला. उभं राहायच्या जागीही एक पाय वर आणि एक पाय खाली अशी गत होते. पाठीवर सामान, कमरेला भाता, हातात धनुष्य घेऊन हे सगळं काही तास चालतं. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा १९६९ मध्ये अमेरिकेत झाली आणि आज ‘वर्ल्ड गेम्स’मध्येही हा खेळ आहे.

रत्नागिरीकरांना हे वर्णन परकं वाटू नये. जांभ्याचा सडा, वाडीतून खाली उतरणारी पाखाडी, शेताचा बांध, गडग्यावरून मारलेली उडी हे आपलं रोजचंच. परदेशात ज्यासाठी मुद्दाम टेकडी शोधून वाट आखतात, तसली जमीन आपल्या दाराशी आहे.

बाण सुटण्याआधी शरीरात काय होतं?

आधी वजनाचा हिशेब करू. समजा, धनुष्याचा ताण ३६ पौंड आहे, म्हणजे साधारण १६ किलो. ७२ बाणांसाठी ते ७२ वेळा ओढायचं. गुणाकार केला तर साडेअकराशे किलोच्या आसपास वजन दिवसभरात ओढलं जातं, सरावाचे बाण वेगळेच. शिवाय नुसतं ओढून भागत नाही. पूर्ण ताणून काही सेकंद स्थिर धरावं लागतं. कंपाउंड धनुष्याला चाकं असल्याने शेवटी धरायचा भार बराच कमी होतो. रिकर्व्हमध्ये ती सवलत नाही.

हा भार हाताच्या बेटकुळीने पेलायचा नसतो, हे नवख्यांना पटत नाही. खरं काम करतात ते दोन्ही खांद्यांच्या पात्यांमधले पाठीचे स्नायू. किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं आठवा. नुसत्या हाताने जाळं येत नाही. ती पाय वाळूत रोवतात, कंबर बसवतात आणि पाठीने मागं रेलतात. धनुष्य ओढण्याचं मूळ तंत्र याच जातीचं आहे. फरक एवढाच की इथं शरीर मागं झुकू द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. चढ चढून आल्यावर छाती धपापत असते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नेम हलतो. स्पर्धेत तीन बाणांसाठी साधारण तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात श्वास जागेवर आला नाही तर बाण भरकटणारच. ज्याचं हृदय आणि फुप्फुसं चालण्या-चढण्याला सरावलेली आहेत, त्याची धाप लवकर ओसरते. दिवसाच्या शेवटच्या आठ-दहा लक्ष्यांवर याचा फरक गुणपत्रिकेत दिसतो.

तिसरी गोष्ट कमरेची. लक्ष्य खाली असलं की नवखा माणूस फक्त हात खाली करतो. खांदा आणि हात यांची रेघ तिथंच मोडते आणि बाण चुकतो. योग्य पद्धत अशी की आधी सपाट जमिनीवर असल्यासारखा पवित्रा घ्यायचा आणि मग कमरेतून अख्खं वरचं शरीर एकत्र वाकवायचं. यासाठी पोटाचे, बाजूचे आणि खुब्याचे स्नायू कणखर लागतात. उतारावर आणखी एक गणित असतं. ३० अंशांच्या उतारावर लक्ष्य ५० मीटर लांब असेल, तर नेम साधारण ४३ मीटरचा धरावा लागतो, कारण बाण किती खाली पडणार हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरतं. दमलेल्या डोक्याला असले हिशेब जमत नाहीत. म्हणून दम टिकवणं हाही नेमबाजीचाच भाग आहे.

लेजीम आली कुठून?

शाळेत २६ जानेवारीला लेजीम खेळली नाही असं मूल आपल्याकडे विरळाच. पण ही लेजीम मुळात तिरंदाजाच्या व्यायामाचं साधन आहे. शब्द फारसीतला. सरावासाठी वापरायच्या हलक्या धनुष्याला तिथं हे नाव होतं. पुढे दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि चकत्या लावलेलं धनुष्य आखाड्यात आलं. इराणच्या ‘जोरखाना’ नावाच्या पारंपरिक व्यायामशाळांत साखळीचं जड लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवण्याचा व्यायाम आजही करतात. त्याने नेमके खांदे आणि पाठ तयार होते. आपल्या लेजमीला पुढे ढोल-ताशाची साथ मिळाली, ती खेळ झाली आणि तिचं मूळ काम विसरलं गेलं.

उस्मानी तुर्कांच्या काळात इस्तंबूलमध्येही हीच शिस्त होती. नव्या शागिर्दाच्या हाती लगेच बाण देत नसत. ‘केपाझे’ नावाचं मऊ धनुष्य तो दीर्घकाळ नुसतं ओढत बसे. पाठ तयार झाली की मगच पुढचा धडा. त्याच तुर्कस्तानचा मेते गाझोज टोकियो ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन गेला.

इस्लामी परंपरेत तिरंदाजीच्या सरावाला मान आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. सहीह मुस्लिममध्ये हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याबद्दलची एक रिवायत येते. म्हातारपणीही ते दोन लक्ष्यांच्या मध्ये ये-जा करत सराव करायचे. या वयात एवढे कष्ट कशाला, असं कुणी विचारलं तेव्हा त्यांनी तिरंदाजी शिकून ती सोडून देण्याबद्दल पैगंबरांनी (स.) दाखवलेली नापसंती सांगितली. खेळाच्या अंगाने पाहिलं तर यातला मुद्दा आजच्या प्रशिक्षकांच्याही तोंडी असतो. सराव तुटला की शरीर विसरतं.

बारा आठवड्यांचा आराखडा

खालची आखणी निरोगी, १४ वर्षांवरच्या नवख्यांसाठी आहे. रक्तदाब, शुगर, दमा किंवा जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रत्येक वेळी सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. हात फिरवणं, खांदे वर-खाली करणं, कंबर वळवणं, जागच्या जागी चालणं.

पहिले चार आठवडे : पाया
• आठवड्यातून चार दिवस ३० ते ४० मिनिटं भराभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग.
• तीन दिवस बैठका १२ च्या तीन फेऱ्या आणि जोर ८ च्या तीन फेऱ्या. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून सुरुवात करा.
• प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरणं : २० ते ३० सेकंद, तीनदा.
• एका पायावर उभं राहणं, दोन्ही पायांवर ३०-३० सेकंद. जमलं की डोळे मिटून, भिंतीजवळ.
• रबरी पट्टा खांबाला बांधून दोन्ही हातांनी छातीकडे ओढणं : १२ च्या तीन फेऱ्या. ओढताना खांद्यांची पाती एकमेकांजवळ आली पाहिजेत. पट्टा नसेल तर सायकलची जुनी, पण न चिरलेली ट्यूब चालते.

पाचवा ते आठवा आठवडा : चढ
• दोन दिवस पाखाडी, जिना किंवा रत्नदुर्गाचा चढ. वर जाताना भराभर, उतरताना सावकाश. गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते.
• पाठीवर तीन ते पाच किलोची पिशवी.
• एक दिवस भाट्याच्या किनाऱ्यावर मऊ वाळूत २० मिनिटं चालणं. घोटे मजबूत होतात.
• पट्ट्याचा व्यायाम चालू ठेवायचा. त्यात बाजूचा प्लँक घालायचा.
• जड लेजीम मिळाली तर दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, पाठ ताठ ठेवून.

नववा ते बारावा आठवडा : चढ आणि नेम एकत्र
• दोन मिनिटं चढायचं, थांबायचं, चार-पाच दीर्घ श्वास घ्यायचे. मग पट्टा धनुष्यासारखा ताणून आठ सेकंद धरायचा. असं तीनदा. पुन्हा चढ. आठ फेऱ्यांपासून सुरुवात करून बारावर जायचं.
• एक पाय बांधावर, एक खाली ठेवून हाच पवित्रा. मग कमरेतून वर आणि खाली वाकून.
• चालता चालता समोरच्या माडाचं अंतर डोळ्यांनी ठरवायचं, मग पावलं मोजून पडताळायचं. आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं, हे आधी घरी मोजून ठेवा.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. स्नायू विश्रांतीतच भरतात.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही या आराखड्याशी जुळते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, तर ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल करावी, असं ती सांगते. म्हणजे पुढे धनुष्य हाती आलं नाही तरी ही मेहनत वाया जाणार नाही.

खांदा एकदा गेला की…

या खेळात सगळ्यात जास्त जपायचा अवयव म्हणजे खांदा. खांद्याचा गोल सांधा चार छोट्या स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. ताकदीपेक्षा जड धनुष्य रोज ओढलं तर तिथं सूज येते, मग हात वर करताना कळ येते आणि कित्येक महिने खेळ बंद पडतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्यायला हवी.

जिममध्ये जाणारी मुलं बहुधा छातीचा व्यायाम जास्त करतात. त्याने खांदे पुढे झुकतात आणि तिरंदाजीत ते नडतं. साधा नियम ठेवा : ढकलण्याचा एक व्यायाम केला तर ओढण्याचे दोन करायचे.

धनुष्याचा ताणही असाच पायरीपायरीने वाढवायचा. हलक्या धनुष्यावर शेवटच्या बाणापर्यंत पवित्रा बदलत नसेल, तरच दोन पौंड वाढवावेत. ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावं लागत असेल, खांदा कानाला लागत असेल किंवा हात थरथरत असेल, तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे, मग दोस्तमंडळी काहीही म्हणोत.

हवा, पाऊस आणि रोजा

कोकणातल्या दमट हवेत घाम येतो, पण लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. मार्च ते मे चढाचा व्यायाम फजरनंतर लगेच किंवा सूर्य कलल्यावर करावा. पाण्याबरोबर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ताक चांगलं. डोकं दुखू लागलं, मळमळलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांबून सावली गाठावी.

पावसाळ्यात पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. तिथं धावणं म्हणजे घोटा मोडून घेणं. ते चार महिने घरातला किंवा इमारतीचा जिना वापरावा. सड्यावर आणि गडग्यांच्या आसपास फुरसं असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पायात बूट आणि हातात काठी असू द्या आणि दगडाखाली हात घालू नका.

रमजानमध्ये नवा व्यायाम सुरू करू नये, चालू असलेला हलका करावा. इफ्तारच्या आधी २० मिनिटं सावकाश चालणं आणि तरावीहनंतर पट्ट्याचा थोडा व्यायाम एवढं पुरे. चढाचा व्यायाम ईदनंतर.

खाण्याचं म्हणाल तर महागड्या पावडरीची गरज नाही. बांगडा, अंडी, कुळथाची पिठी, डाळ, नाचणीची भाकरी, केळी हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच. प्रवीण जाधवची सुरुवात जिल्हा परिषदेच्या शाळेत धावण्यापासून झाली होती. मजुरी करणाऱ्या आईवडिलांच्या या मुलाच्या खाण्याकडे आधी त्याच्या शिक्षकांनी लक्ष पुरवलं. धनुष्य त्याच्या हाती नंतर आलं.

मुलींनी मागं का राहावं?

आठवी-नववीत गेल्यावर मुलींचा खेळ सुटतो, ही आपल्या घरांतली गोष्ट आहे. कुणी कपड्यांचं कारण सांगतं, कुणी मैदानावरच्या गर्दीचं. तिरंदाजीत यातली बरीच कारणं आपोआप गळून पडतात. अंगभर कपड्यांत हा खेळ उत्तम खेळता येतो. इराणची झहरा नेमाती २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये हिजाब घालून सुवर्णपदक जिंकली आणि २०१६ मध्ये रिओत ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्हींत खेळली. अपघातामुळे ती व्हीलचेअरवरून खेळते.

काळजी घ्यायची ती एवढीच की ओढणी किंवा हिजाबची टोकं आत खोचलेली असावीत, बाही घट्ट असावी, छातीवर आणि हातावर संरक्षक पट्टा असावा. सुटणारी दोरी सैल कापडात अडकली तर इजा होते आणि बाणही भरकटतो. व्यायामाचा सगळा आराखडा मुलींनाही जसाच्या तसा लागू आहे. घरातल्या दोघी-तिघींनी मिळून पहाटे पाखाडी चढायला सुरुवात केली तर आईचीही तब्येत सुधारेल.

धनुष्य कधी आणि कुठं?

व्यायाम कुठंही करा, बाण मात्र कुठंही मारू नका. सड्यावर गुराखी असतात, लाकडं गोळा करणाऱ्या बाया असतात, आंबेकाजूच्या बागेत राखण करणारे असतात. लक्ष्यामागे बाण अडवणारी भक्कम आडोशाची व्यवस्था आणि सोबत जाणकार प्रशिक्षक नसेल तर धनुष्य पिशवीतच राहू द्या. बाण न लावता ताणलेली दोरी सोडणंही धोक्याचं. सगळा ताण धनुष्यावरच उलटतो आणि ते फुटू शकतं.

भारतात शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धा प्रामुख्याने टार्गेट प्रकारातच होतात. त्यामुळे सुरुवात तिथूनच करणं शहाणपणाचं. शालेय स्पर्धांत इंडियन, रिकर्व्ह आणि कंपाउंड असे धनुष्याचे गट असतात. नोंदणी, प्रशिक्षक आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतल्या प्रवेशाची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत असलेल्या ५ टक्के आरक्षणाचे नियमही तिथंच विचारून घ्यावेत. ते बदलत असतात.

तोवर बारा आठवडे हातात आहेत. खर्च आहे तो एका रबरी पट्ट्याचा आणि पहाटेच्या थोड्या झोपेचा. ते बारा आठवडे ज्या मुलाने किंवा मुलीने न चुकता पाळले, त्याच्या-तिच्यासाठी पालकांनी धनुष्याची किंमत जरूर विचारावी.